लिलीच्या पानगळीवर ट्रायकोडर्मा: पुडा कधी घ्यावा आणि कधी दुकानातच ठेवून यावा

पावसाची झड लागून चार-सहा दिवस उन्हाचे तोंड दिसले नाही की आमच्या भागातल्या अंगणांतील लिली एकाएकी पाने टाकू लागते, आणि कृषी केंद्रात जाऊन तसे सांगितले की बहुतेक वेळा काउंटरवर एकच पुडा येतो: ट्रायकोडर्मा विरिडी या उपयुक्त बुरशीची, एक टक्का, पाण्यात मिसळणारी भुकटी. हरभऱ्याची आणि तुरीची मर, म्हणजे उभे झाड वाळवणारा रोग, यामुळे हा पुडा विदर्भातल्या शेतकऱ्याला नवा नाही. पेरणीच्या आधी बियाण्याला चोळायचे जैविक औषध म्हणून तो वर्षानुवर्षे घरात येत आलेला आहे. आता तो फुलझाडांसाठीही सर्रास दिला जातो. गेल्या काही हंगामांत मी निरनिराळ्या उत्पादकांची ही भुकटी लिलीच्या कुंड्यांत आणि वाफ्यांत वापरून पाहिली, त्याचे हे परीक्षण आहे. कोणत्याही कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण एकाच कंपनीचा एक पुडा जिवंत आणि दुसरा मेलेला निघाल्याचे मी पाहिले आहे, आणि तो फरक नावाचा नसून साठवणुकीचा असतो. मत आधीच सांगून टाकतो. कंद कुजू नये यासाठी आगाऊ वापरली तर ही भुकटी पाचपैकी चार गुणांची आहे, कंद कुजू लागल्यावर औषध म्हणून वापरली तर एका गुणाची, आणि पानगळीचे कारण बुरशी नसून दुसरेच काही असेल तर तिला गुण देण्याचा प्रश्नच येत नाही.

अडचण अशी की पुडा मागायला जाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही कारण ठाऊक नसते. त्यात आपण सरसकट लिली म्हणतो त्या झाडांत बराच फरक आहे. कुंपणाच्या कडेने लावलेली गुलाबी-पांढरी पावसाळी लिली, जाड पानांचे सुदर्शन, पांढऱ्या तंतूंच्या फुलांची स्पायडर लिली आणि मोठ्या कर्ण्यासारख्या लाल फुलांची हिप्पिॲस्ट्रम ही सगळी एकाच कुळातली, म्हणजे ॲमरिलिस कुळातली झाडे असून त्यांच्या कंदाला कांद्यासारखे पदर असतात आणि पाने थेट कंदातून वर येतात. हिवाळ्यात रोपवाटिकांत कळ्यांसह विकायला येणारी एशियाटिक आणि ओरिएंटल लिली मात्र खरी लिलियम. तिचा कंद सुट्या, मांसल खवल्यांचा असतो, त्यावर संरक्षक साल नसते आणि पाने उंच दांड्यावर खालपासून वरपर्यंत लागलेली असतात. पहिल्या गटात पान मानेपाशी मऊ पडून जमिनीवर लोळते. दुसऱ्या गटात ते खालून एकेक पिवळे होत दांड्यावरून गळते. दुकानात सांगताना दोन्हींना आपण ‘पाने गळतात’ असेच म्हणतो, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते.

लिलियमबाबत एक गोष्ट रोपवाटिकेत सहसा सांगितली जात नाही. तिच्या कंदाला पुन्हा फुलण्यासाठी साधारण दोन ते पाच अंश तापमानात सहा ते आठ आठवडे राहावे लागते. व्यापारात ही थंडी शीतगृहात दिली जाते. अशी थंडी आपल्याकडे अंगणात मिळत नाही. शिवाय तिला पंधरा ते पंचवीस अंशांच्या दरम्यानचे हवामान मानवते, आणि आपल्याकडे होळी होताच पारा त्याच्या कितीतरी वर जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर पंचेचाळीसच्या पुढे. म्हणून फेब्रुवारीत फुललेली एशियाटिक लिली मार्चमध्ये खालून पिवळी पडत पाने टाकू लागली तर तो बहुधा रोग नसतो. फुलणे संपून उष्णता वाढली की ती वरचा पसारा आवरते. कंद हाताला टणक लागत असेल तर ट्रायकोडर्मा, टॉनिक, युरिया यांपैकी काहीही घालण्याची गरज नसते, पाणी हळूहळू कमी करून कुंडी सावलीत सरकवली की झाले. ‘दरवर्षी अशीच फुलणार’ असे सांगून ती विकणाऱ्या एका रोपवाटिकेतून मीही कुंड्या आणल्या होत्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांतून नुसती पाने आली. तो दोष बुरशीवर ढकलून मला वर ट्रायकोडर्मा घ्यायला सांगण्यात आले, हे मात्र अतीच झाले.

तेव्हा पुडा घेण्याच्या आधी कंद पाहणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही. सगळ्यांत वाईट दिसणारे एक झाड मातीसकट उचलावे, बादलीतल्या पाण्यात हलवून धुवावे आणि कंद अंगठ्याने दाबून पाहावा. निरोगी कंद टणक असतो, मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि ओढल्यास सहज तुटत नाहीत अशी असतात. फ्युजेरियम बुरशीने होणारी कूज कंदाच्या बुडापासून, म्हणजे जिथून मुळे फुटतात त्या चकतीपासून सुरू होते. ती चकती तपकिरी, कोरडी आणि ठिसूळ होते, आणि लिलियममध्ये खवले नुसत्या बोटाने ओढले तरी बुडापासून सुटे होऊन हातात येतात. मुळेच सडली असतील तर ती चिमटीत धरून ओढून पाहावीत: वरची साल मोज्यासारखी निसटून आत पांढरा दोरा उरला, तर ते पिथियमसारख्या पाणथळ जागी वाढणाऱ्या बुरशीचे काम समजावे. कंद बिलबिलीत झाला असेल, दाबताच पाणी सुटत असेल आणि नाक फिरवावे लागेल इतकी घाण येत असेल, तर ती जिवाणूंची कूज. तो कंद वाचवण्याच्या नादाला लागू नये, मातीसकट बाहेर नेऊन पुरावा आणि कुंडी उन्हात तापवावी. संशय उरला तर कंद उभा चिरून पाहावा. एक कंद जाईल खरा, पण बाकीचे वाचतील.

या तपासणीत कंद टणक आणि मुळे ठीक निघाली तर कारण वर शोधायचे असते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते पुष्कळदा अळी असते. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि तांबूस-नारिंगी डाग असलेली लिलीची अळी थव्याने येते; तिचा पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालतो, आणि सुदर्शनाची किंवा स्पायडर लिलीची भरलेली कुंडी दोन-तीन दिवसांत बोडकी करून टाकण्याची तिची ताकद आहे. याच झाडांवर येणारी दुसरी एक अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून आतला हिरवा गर खाते, त्यामुळे पान बाहेरून फुगीर आणि कागदासारखे दिसते, मग कोसळते. तिला वेळेवर आवरले नाही तर ती खाली उतरून कंदही पोखरते. दुपारी पान उजेडाकडे धरले की आतल्या अळ्यांच्या सावल्या आणि काळी लेंडी स्पष्ट दिसते. इथे ट्रायकोडर्माचा काडीचा उपयोग नाही, कारण ती बुरशीवर जगणारी बुरशी आहे, अळीशी तिला देणेघेणे नाही. अंड्यांचे पुंजके असलेली पाने कापून, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करणे एवढे पुरते. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायची, किंचित साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचे. कपाशीसाठी जे करतो तेच इथे लहान प्रमाणात.

दुसरे एक कारण केवळ शेतीच्या गावात आढळते आणि शहरी बागकामाच्या सल्ल्यांत ते कधीच नसते. घरालगतच्या वावरात सोयाबीनला किंवा धुऱ्यावर तणनाशक मारले जाते, त्याचा तुषार वाऱ्याने अंगणात येतो. किंवा तोच पाठीवरचा पंप नीट न धुता फुलझाडांना वापरला जातो. टू-फोर-डीसारख्या तणनाशकाचा अंश लागला तर कोवळी पाने पिळवटतात, अरुंद होतात आणि वाढ वेडीवाकडी होते. ग्लायफोसेटचा लागला तर नवी पाने फिकी, पिवळट येतात आणि झाड हळूहळू मलूल होत जाते. एका बाजूच्याच झाडांना हा त्रास असेल आणि त्याच बाजूच्या कुंपणावरचे वेलही वाकडे झाले असतील, तर वारा कुठून आला याचा विचार करावा, बुरशीचा नव्हे. फुलझाडांचा हातपंप वेगळाच ठेवणे हा त्यावरचा उपाय. याउलट अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी देणाऱ्यांच्या लिलीची पाने टोकापासून तपकिरी होत मागे वाळत येतात. ते क्षारांचे लक्षण आहे. तिथे पावसाचे साठवलेले पाणी द्यावे किंवा कुंडीतून भरपूर पाणी निथळू देऊन क्षार धुऊन काढावेत. हिप्पिॲस्ट्रमच्या पानांवर आणि फुलदांड्यावर येणारे लालसर चट्टे हा बुरशीचाच रोग खरा, पण तो वरच्या भागावरचा. मातीत ओतलेली ट्रायकोडर्मा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, चट्ट्यांची पाने कापून टाकणे आणि पानांवर पाणी न मारणे हेच तिथे खरे काम.

एवढे सगळे वगळल्यावर जे उरते ती कंदाची आणि मुळांची कूज, आणि आपल्या काळ्या मातीत ती पुष्कळ असते. ही माती ओली झाली की फुगते, तिच्यातली हवेची जागा बंद होते आणि झडीच्या दिवसांत कंद अक्षरशः चिखलात बसतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून मुळे तोडते, आणि तुटलेल्या मुळांच्या जखमांतून पुढच्या पावसात बुरशी आत जाते. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना हे निराळे सांगायला नको. पाणी साचलेल्या बागेत डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याचा बुरशीचा रोग, कसा वाढतो हे त्यांनी पाहिलेले असते. ट्रायकोडर्माला खरे काम इथे आहे. ही मातीत राहणारी उपयुक्त बुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालते, आपल्या विकरांनी त्यांच्या भिंती विरघळवून आतले पोषण घेते आणि मुळांभोवतीची जागा आधीच व्यापून टाकते. मात्र त्यासाठी तिला मातीत ओल, शेणखतासारखे सेंद्रिय अन्न आणि पंचवीस ते तीस अंशांच्या आसपासचे तापमान लागते. हे नसेल तर पुडा कितीही महागाचा असो, तो नुसती पांढरी पूड ठरतो.

तापमानाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण आपल्या भागात या उत्पादनाचे सर्वांत मोठे वैगुण्य तेच आहे. भुकटीतली बुरशी सजीव असते. उन्हाळाभर टिनाच्या छपराखाली, खतांच्या पोत्यांशेजारी रचून ठेवलेल्या पुड्यांत ती किती उरत असेल याचा अंदाज मे महिन्यातल्या दुपारी त्या दुकानात पाच मिनिटे उभे राहिल्यावर कोणालाही येतो. वेष्टनावर ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत घटक असल्याचे छापलेले असते, तो नोंदणीचा निकष आहे. पण तो कारखान्यातून निघतानाचा आकडा समजावा, फळीवरचा नव्हे. म्हणून मी प्रत्येक पुडा वापरण्यापूर्वी ज्वारीवर तपासतो. मूठभर ज्वारी शिजवून, पाणी पूर्ण निथळवून, थंड करून दोन स्वच्छ काचेच्या बरण्यांत घ्यायची. एकीत चिमूटभर भुकटी मिसळायची, दुसरी तशीच ठेवायची, दोन्हींच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधून घरात सावलीत ठेवायच्या. पुडा जिवंत असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिल्या बरणीत दाण्यांवर पांढरी कापसासारखी वाढ दिसते, मग ती कडेपासून गर्द हिरवी होत जाते, दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ बनतो आणि फडके सोडताच ओल्या खोबऱ्यासारखा हलका वास येतो. मेलेल्या पुड्यात ज्वारी आंबते, काळी-करडी बुरशी येते आणि दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात. दुसरी बरणी ठेवायची ती यासाठीच, कारण हिरवी बुरशी शिळ्या अन्नावर आपोआपही येते आणि नुसत्या रंगावरून फसगत होऊ शकते. पावसाळ्याच्या तोंडी, मागच्या हंगामाच्या उरलेल्या मालातून घेतलेले पुडे या तपासणीत बहुधा नापास झाले. ज्यांच्यावर ताजी उत्पादन तारीख होती ते जवळजवळ सगळे उत्तीर्ण झाले.

जिवंत पुडा हाती आल्यावर वापराची रीत महत्त्वाची. पुड्यावर छापलेले असते त्याप्रमाणे लिटरभर पाण्यात पाच ते दहा ग्रॅम कालवून मुळांशी ओतता येते, आणि पुष्कळ लोक तेवढ्यावरच थांबतात. पण भुकटीचा वाहक शंखजिरे असल्यामुळे ती तळाशी बसते. ढवळत ढवळत ओतले नाही तर पहिल्या कुंड्यांना नुसते पाणी आणि शेवटच्या कुंडीला सगळा गाळ मिळतो. मला जास्त पटलेली पद्धत शेणखताची आहे. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखताला एक किलो भुकटी या प्रमाणात, घरच्यापुरते म्हणजे एका टोपल्याला दोन-तीन मुठी, असे मिसळून खत ओलसर करावे, झाडाच्या सावलीत ढीग घालून ओल्या गोणपाटाने झाकावे आणि आठवडा-पंधरवड्यात दोन-तीनदा खालीवर करावे. ढिगाच्या आत हिरवट-पांढरी बुरशी पसरलेली दिसली की ते खत तयार. कंद लावताना खड्ड्यात आणि नंतर बुंध्याशी असे खत घातलेल्या वाफ्यात मला कूज स्पष्टपणे कमी दिसली. नुसते पाण्यातून दिलेल्या वाफ्यांत फरक होता, पण पैज लावावी इतका नव्हता. नवीन कंद लावण्यापूर्वी याच भुकटीच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत निथळवले तर तेही चांगले. कच्चे शेण मात्र कटाक्षाने टाळावे, त्याच्या उष्णतेने कंद जळतो आणि हुमणीलाही निमंत्रण मिळते.

इथे एक गोष्ट पुड्यावर लिहिलेली नसते, ती लिहितो. वाफ्यात पाणी साचत असेल तर ट्रायकोडर्मा कितीही घातली तरी लिली वाचत नाही. काळ्या मातीत कंद थेट पुरण्याऐवजी वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, मातीत तितकीच जाड रेती आणि तितकेच कुजलेले शेणखत मिसळावे, आणि कुंडी असेल तर तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे घालून भोक मोकळे राहील असे पाहावे. माझ्या मते पानगळ थांबण्याचे निम्मे श्रेय या रेतीला जाते आणि उरलेले भुकटीला. पण रेतीचा पुडा विकत मिळत नाही, त्यामुळे तिची जाहिरात कोणी करत नाही.

कूज सुरू झालेल्या कंदासाठी भुकटीवर विसंबू नये. असा कंद उपटून, कुजका भाग धारदार सुरीने निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कापावा, सुरी दर वेळी स्पिरिटने पुसावी, आणि उरलेला कंद कार्बेन्डाझिमच्या द्रावणात, लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, वीस-तीस मिनिटे बुडवून सावलीत सुकवावा, मग नव्या मातीत लावावा. शेजारच्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम घेऊन मुळांशी द्यावे. मुळांची साल निसटत असेल, म्हणजे पिथियमचा संशय असेल, तर कार्बेन्डाझिम त्यावर चालत नाही. तिथे मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेब यांचे तयार मिश्रण लिटरला दोन ते अडीच ग्रॅम घ्यावे. मग यांच्याबरोबर ट्रायकोडर्मा का देऊ नये? कारण ही रासायनिक बुरशीनाशके, विशेषतः कार्बेन्डाझिम, रोगाची बुरशी आणि उपकारक बुरशी असा भेद करत नाहीत. दोन्ही एकाच बादलीत कालवून देणे म्हणजे एका हाताने पैसे देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. मध्ये किमान दहा-पंधरा दिवस जाऊ द्यावेत आणि मगच शेणखतातून ट्रायकोडर्मा घालावी.

नेमके हेच एका कृषी केंद्रात पाळले गेले नाही. पाने गळतात एवढेच ऐकून, झाड कोणते किंवा कंद कसा आहे हे न विचारता, काउंटरवर ट्रायकोडर्मा, कार्बेन्डाझिम, एक टॉनिक आणि लाल त्रिकोणाचे एक कीटकनाशक असे चार पुडे-बाटल्या मांडण्यात आल्या आणि सगळे एकत्र कालवून बुंध्याशी ओतायला सांगण्यात आले. “काकाजी, हे कोणत्याबी झाडाले चालते, आठ दिवसांत पाने थांबतीन,” असा भरवसाही मिळाला. बिल मागितले तर ‘एवढ्याशासाठी काय बिल’ असे उत्तर आले. अंगणातल्या फुलझाडांसाठी, जिथे लहान मुले खेळतात आणि कोंबड्या माती उकरतात, तिथे लाल त्रिकोणाचे विष कोणी हाती द्यावे हे मला मुळीच मान्य नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच भागात. त्यानंतरही मिश्रणे तोंडी सांगण्याची सवय गेलेली नाही. वेष्टनावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवतो, आणि फुलझाडासाठी लाल-पिवळ्याची पायरी चढण्याची वेळ सहसा येत नाही. त्या दिवशी मी ट्रायकोडर्मा तेवढी घेतली आणि बाकीचे तिथेच ठेवून आलो. घरी कंद धुऊन पाहिला तेव्हा तो टणक होता आणि पानांच्या पापुद्र्यांत अळ्या होत्या, म्हणजे तो पुडाही त्या दिवसापुरता बिनकामाचाच होता.

उत्पादनाच्या बांधणीविषयी दोन तक्रारी आहेत. घरगुती बागेला शंभर-दोनशे ग्रॅम पुरते, पण बहुतेक दुकानांत किलोचाच पुडा ठेवतात. तो दीडशे ते अडीचशे रुपयांना पडतो, एकदा फोडल्यावर ओल धरतो, आणि उरलेला पुढच्या वर्षी निकामी होतो. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक पुडा आणावा हे बरे; उरलाच तर हरभऱ्याच्या बियाण्याला किलोमागे चार-पाच ग्रॅम याप्रमाणे चोळून टाकावा, वाया जात नाही. दुसरी तक्रार छपाईची. मराठी मजकूर असतो, पण इतक्या बारीक अक्षरांत की रासायनिक बुरशीनाशकाबरोबर मिसळू नये ही सर्वांत महत्त्वाची सूचना वाचायला भिंग लागावे. मुदत संपण्याची तारीख तर पुष्कळदा चुरगळलेल्या शिवणीवर उमटवलेली असते. द्रव स्वरूपातली ट्रायकोडर्माही मिळते; ती ढवळण्याची कटकट वाचवते, पण उन्हात तिची बाटली फुगलेली मी पाहिली आहे, म्हणून भुकटीलाच माझी पसंती.

विकत घेण्याची जागा आणि वेळ यांवर बरेच काही अवलंबून आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आणि काही जिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांकडे जैविक बुरशीनाशके विक्रीला असतात. तिथला माल ताजा असण्याची शक्यता अधिक, आणि उपटलेला कंद पिशवीत घालून बरोबर नेला तर तो पाहून सांगणारी माणसेही तिथे भेटू शकतात, जे कोणत्याही पुड्याबरोबर मिळत नाही. जाण्यापूर्वी फोन करून माल आहे का ते विचारावे, हंगामात तो लवकर संपतो. खासगी दुकानातून घ्यायचा असेल तर उत्पादनाची तारीख दोन-तीन महिन्यांच्या आतली, नोंदणी क्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला, पुडा थंड जागेतून काढून दिलेला आणि पक्के बिल, एवढे पाहावे. लिलीसाठी योग्य वेळ म्हणजे मृगाच्या आसपास, पहिला चांगला पाऊस पडून माती निवल्यानंतर. त्याच्या पंधरवडाभर आधी शेणखताचा ढीग लावून ठेवलेला असावा आणि पुडा त्याच आठवड्यात आणलेला असावा, चैत्रात आणून कपाटात ठेवलेला नको.